परत गेलेली मेल

स्पॅममध्ये नाहीये रे विपुल, किती वेळा सांगू — स्पॅम बघितलं, कचराही बघितला, कुठ्ठे नाही. आलीच नाही तर दिसणार कशी? बस तू. पंखा वाढव हवा तर. मरोळमध्ये दुपारी या पत्र्याखाली भाजून निघतो माणूस, आणि वर हा रबराचा वास — मला नाही जाणवत आता, तुला जाणवत असेल. गॅस्केट आणि वॉशर करून हयात गेली.

हां, तर. तूच म्हणालास ना मघाशी? मेल आली होती. माझ्या कंपनीच्या पत्त्यावर आली, तो पत्ता सांभाळणाऱ्या तुमच्या सर्व्हरने ती माझ्या जीमेलला पुढे ढकलली. मीच सांगितलं होतं ढकलायला — दोन-दोन ठिकाणी कोण बघत बसणार? इथवर ठीक. पण पाठवणारी कोण — कल्पिता, माझी मुलगी. पाठवली तिच्या ऑफिसातून, बंगळुरूहून. आणि तिच्या त्या विमा कंपनीने म्हणे जगाला सांगून ठेवलंय — आमच्या नावाची मेल आमच्याच सर्व्हरवरून येईल, दुसरीकडून आली तर खोटी समजा, परत हाकला. झालं! तुमच्या सर्व्हरवरून आली म्हणून जीमेलला वाटलं, कोणी तरी भामटा तिच्या नावाने लिहितोय. बरं, तिच्या कंपनीचं सील होतं ना मेलवर? ते शाबूत असतं तर चाललं असतं म्हणालास. मग तुमच्या सर्व्हरने खाली ती ओळ का चिकटवली — ‘ही मेल व्हायरससाठी तपासलेली आहे’? कोणी सांगितलं होतं तपासायला? मजकुराला हात लावला की सील तुटतं, हे मला आज कळतंय, तुम्हाला ठाऊक होतं ना? वाट लावलीत यार!

इतर मेल येतात, माहितीये मला! गिऱ्हाइकांच्या येतात, जाहिराती येतात, सगळा कचरा येतो. माझ्या पोरीचीच तेवढी खोटी ठरली.

आणि नुसती हरवली असती तर चाललं असतं रे. तिला उत्तर गेलं! इंग्रजीत — रिजेक्टेड. माझ्या, इरावती शिरोडकरच्या, पत्त्यावरून रिजेक्टेड. माझा भाचा हर्षद, त्याला दाखवलं तिने फोनवर. त्याच्याकडून मला कळलं, तेही ती परत गेल्यावर. हो, परत — आली होती ती. ऑफिसच्या कामाला, अंधेरीत. त्या मेलमध्ये तेच होतं, ‘आई, मी येतेय, घरी येऊ का?’ एवढंच. आणि उतरली कुठे? त्या समोरच्या हॉटेलात. इथून रिक्षावाला यायला तयार होणार नाही इतकं जवळ! मी इथे वॉशर मोजतेय आणि ती तिथे...

मशीनने परत पाठवली हे तिला कळायला नको? त्या विमा कंपनीत कम्प्युटरचंच काम बघते! पण नाही, तिने धरलं की आईनेच केलं. का धरलं म्हणजे? — धरलं. ती बंगळुरूला निघाली तेव्हा मी बोलले होते काही तरी. ‘गेलीस तर या दारात पाय ठेवू नकोस’ — असलंच. रागात माणूस बोलतं. हा कारखाना, हे सगळं तिच्यासाठीच उभं केलं होतं ना मी? मग तीही बोलली. जाऊ दे, तुझा काय संबंध.

तू एक कर. तुमच्या लेटरहेडवर लिहून दे, सही-शिक्का मारून — चूक आमच्या सर्व्हरची, इरावतीबाईंनी काही केलेलं नाही. हसू नकोस. मी तिला ते पाठवते, म्हणजे संपलं. सेटिंग बदल, ती ओळ काढ, सगळं कर, पण आधी ते लिहून दे.

फोन? नाही करत आम्ही एकमेकींना. आणि माझं नाव दिसलं तर ती उचलायचीही नाही.

तुझा फोन कशाला पुढे करतोस? — नको. अरे, नको म्हणते ना. कामात असेल ती. नंबर? पाठ आहे मला, का नसेल, आई आहे मी तिची... घे. घाल. थांब, लावू नकोस लगेच — मी काय बोलणार? त्या सर्व्हरचं कसं सांगायचं मला, तूच सांग ना तिला, सील आणि ते — लागला? वाजतोय?

दे इकडे.

हॅलो... हो. मीच.

विपुल, तू बाहेर जा जरा.