मामाच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर

तुम्ही हसा, पण मले अजून राग येऊन राहिला. धंतोलीतल्या मामाच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर विंडोज टाकून देतो म्हटलं, तीच चूक झाली.

इन्स्टॉल सुरू करून मी आत चहा प्याले गेलो. परत येतो तर स्क्रीन ठप्प, माउसही हलेना. पेन ड्राइव्ह बदलला, रॅम काढून पुसून लावली, तरी दरवेळी घरात जाऊन परत येतो तर तेच. बाहेर पारशिवनीहून आलेले पेशंट ताटकळत बसलेले, आणि मामा त्यांच्यासमोर म्हणते, "तुले जमत नसंल तर सांग ना बाबू, दुकानातला माणूस बोलावतो!"

मी समोर असलो की चालते, हटलो की ठप्प, म्हणून मंग मी आत जायचं नाटक केलं आणि दारामागून पाहिलं. मी हटताच मामी आली अन् तिनं सीपीयूवर गोधडीचं जाड कव्हर चढवलं, पार खालपर्यंत!

"काहून झाकून राहिली वं मामी?"

"धूळ बसते ना गा! मिक्सरले कव्हर आहे, फ्रिजले आहे, याले काहून नको? तू आला की काढतोच ना मी, तुले अडचण नको म्हणून."

डोकंच फिरलं. "अवं, हवा कोंडून तो तापते, म्हणून बंद पडते! मामा तापाच्या पेशंटले गोधडीत गुंडाळते का?"

"मंग हे आधी सांगाले काय झालं होतं?" वरून मलेच बोलली.

इन्स्टॉल झालं. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन, पुन्हा बंद पडला. धावत गेलो. गोधडी नव्हती. सीपीयूवर ओलं फडकं ठेवलेलं होतं.

मामी म्हणते, "तूच म्हटलं ना, ताप आहे!"