पहिली शिंक एसीची होती

...बाहेर सप्टेंबरातला असा दमट उकाडा, की दुबईच्या बर दुबई भागात गाडीतून उतरलो अन् चष्म्यावर धुकं, सदरा पाठीला चिकटलेला. आणि हॉलात पाऊल टाकलं तर एसी असा, की मढंही उठून शाल मागेल! मग शिंक नाही येणार तर काय येणार, तुम्हीच सांगा? पहिली शिंक एसीची होती हो. देवाशपथ!

तुम्हाला सांगतो, हे सत्त्याण्णव साल, मंडळाच्या यंदाच्या गणपतीतलं नाटक. माझं काम केवढं? नोकराचं. ट्रे घेऊन यायचं, 'बाईसाहेब, चहा' म्हणायचं, जायचं. खलास! शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला आणखी काय देणार? आणि बाईसाहेब कोण, तर मनखूल भागातल्या आमच्या बिल्डिंगीत समोरच्या दारातली कुंदा. आमचे मुलगा-सून ऑफिसला गेले की दुपारी मला गरम भाकरी आणून देणारी! नाटकात तिला मुलगा गेल्याची तार वाचून रडायचं होतं. तीन महिने दारापलीकडून तिच्या तालमीचे हुंदके ऐकत होतो मी... ते रडणं बघायला तिची आई साताऱ्याहून आलेली, दुसऱ्या दिवशीचं परतीचं विमान!

आता यात एक अमेरिकेतला नट कुठून आला? अहो, आमची नात ओवी! तिला शाळेचा प्रोजेक्ट, दीडशे वर्षांपूर्वीचा तिकडचा विनोदी नट. नाव माझ्या जिभेवर बसत नाही. ती वाचायची, मी भुईमुगाच्या शेंगा फोडायचो. "आजोबा, ही हॅड ओन्ली थ्री लाइन्स." तीन वाक्यं! पण गड्याला एकदा स्टेजवर उचकी लागली, लोक हसले; दुसऱ्या दिवशी यानं दोन दिल्या... करता करता अख्खं नाटक उचकीचं झालं, गावोगाव, बोटीबोटीनं, तीस वर्षं!

"आणि हिरॉइन गं?"

"शी लेफ्ट, आजोबा. शी क्राइड अ लॉट."

हे नाटकाच्या आधीच ऐकलं होतं मी. ऐकलं, आणि पुढची शेंग फोडली.

तर कुंदानं तार उघडली, ओठ थरथरले, हॉल चिडीचूप, मी ट्रे घेऊन आत... आणि आ... आ... आक्छी! चारशे माणसं खो खो! पहिली शिंक एसीची होती. पण तो हशा... सत्तर वर्षांत माझ्यामुळे इतकं कुणी हसलं नव्हतं हो! घरात म्हाताऱ्याचं ऐकतो कोण? पाय निघेना. कुंदा हळूच म्हणते, "काका, जा ना..." गेलो नाही. दुसरी माझी. तिसरीही माझी. चौथीला चहा थेट तारेवर! कुंदा पदरात तोंड घालून खरंच रडली, आणि लोकांना वाटलं, हसतेय. पहिल्या रांगेत तिची आई तेवढी हसत नव्हती.

आई साताऱ्याला परत गेली. मला वाटलं, भाकरी बंद. कसली बंद? आली, गरम, वर तुपाचा गोळा! हेच सोसत नाही हो, शिव्या घातल्या असत्या तर पचल्या असत्या! म्हटलं, "कुंदा, तो एसी..." तर म्हणते, "हो ना काका, फारच असतो तिथे."

आणि काल डायरेक्टर संजयचा फोन! "आजोबा, हबीबी! अबू धाबीच्या मंडळानं नाटक बोलावलंय, शिंकांसकट! चारच्या सात केल्यात मी!" ओवीला विचारलं, "तुझ्या त्या नटाचं पुढे काय झालं गं?"

"ही प्लेड अ सॅड फादर वन्स. एव्हरीबडी वेटेड फॉर द हिकप."

रडवा बाप, आणि लोक उचकीची वाट बघत बसलेले! उठलो. समोरची बेल दाबली. म्हटलं, "कुंदा, पहिली शिंक एसीची होती. बाकीच्या तीन माझ्या. मी येत नाही अबू धाबीला."

तिनं हाताचं पीठ झटकलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "येणार काका, येणारच. ट्रे मी आणते. तुम्ही तार वाचा आणि रडा."