मामांचं कॉम-वन

नाही, तुम्हीच सांगा, नाव बदलायची काय गरज होती? कोणाच्या पोटात दुखत होतं? कॉम्प्युटरच्या मागे मशीनची वायर खुपसायच्या भोकाचं चांगलं 'कॉम-वन' नाव होतं, सुटसुटीत, तोंडात बसलेलं, तीस-तीस वर्षं लोकांनी त्या नावावर पोट भरलं... आणि एके दिवशी कोणीतरी एसीत बसून ठरवतो की आजपासून ह्याला 'टीटीवाय-यूएसबी-झीरो' म्हणायचं! अहो, हे नाव आहे की गाडीची नंबरप्लेट? मशीन तेच, वायर तीच, नाव नवीन!

थांबा, नीट सांगतो, माझं डोकं इतकं तापलंय की मधलंच आधी बाहेर पडतंय. माझे मामा चष्म्याच्या काचा घासतात. वय एकाहत्तर. कारखाना म्हणावा तर जिन्याखालची एक खोली, त्यात दोन मशीनं. एक मोजायचं: फ्रेम अडकवली की आतून एक सुई गोल फिरते आणि आकार टिपून घेते. दुसरं घासायचं: त्या आकाराची काच घासून देतं. आणि मध्ये कॉम्प्युटर, जो ह्याचं ऐकतो आणि त्याला सांगतो. त्यातल्या प्रोग्रॅमला अख्ख्या जगातल्या दोनच गोष्टी ठाऊक आहेत. कॉम-वनवर सुई, कॉम-टूवर घासणी. बास! तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस केव्हाच देवाघरी गेला, त्यामुळे त्याला जाऊन दोन शब्द सुनवायचीही सोय नाही.

तर झालं काय, गेल्या आठवड्यात मामांचा जुना कॉम्प्युटर गेला. आणि नेमका तेव्हाच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. ह्या बाई पंचवीस वर्षं मामांना काम देतायत, खरं सांगायचं तर मामांना दुसरं काम उरलेलंच नाही. बाई कशा बोलतात, एकदम मऊ आवाजात... "काका, शाळेतल्या मुलांचे चाळीस चष्मे आहेत हं, शुक्रवारी संध्याकाळी हवेत. जमणार नसेल तर मोकळेपणानं सांगा, राग अजिबात नाही, मी यापुढचं सगळंच काम मोठ्या कंपनीला देऊन टाकते." राग नाही म्हणे! म्हणजे माणसाचा गळा दाबायचा, पण हसत हसत!

मामांनी लगेच मला फोन लावला. "तू कॉम्प्युटरमधला ना रे?" अहो मामा, मी बसच्या तिकिटांची वेबसाइट सांभाळतो! हे म्हणजे स्वयंपाक्याला म्हणायचं, तू गॅसजवळ असतोस ना, मग सिलिंडर दुरुस्त कर! पण मामांना नाही कोण म्हणणार? ऑफिसात ताप आल्याची थाप मारली आणि गेलो.

नवीन कॉम्प्युटर आणला. मागून बघतो तर कॉम-वनचं भोकच नाही! कॉम्प्युटरवाला कसा, दात कोरत... "साहेब, ते केव्हाच बंद झालं. ह्या दोन वायरी घ्या, एका टोकाला जुनं, एका टोकाला नवं. खरं म्हणजे मशीनंच बदलून टाका ना, फार जुनी झालीत." आणि हे म्हणताना मेला मशीनकडे नाही, मामांकडे बघत होता!

बरं, नव्या सिस्टीमवर जुना प्रोग्रॅम चालवायचा तर मध्ये दुसरा एक प्रोग्रॅम, दुभाषा म्हणून, बसवावा लागतो. त्याचं काम काय, तर जुन्याला गोड बोलून पटवायचं की बाबा रे, काही बदललेलं नाही, तू आपल्याच घरी आहेस. आणि त्या दुभाष्याला मी लिहून द्यायचं: हा कॉम-वन म्हणाला की तू टीटीवाय-यूएसबी-झीरो समज, कॉम-टू म्हणाला की टीटीवाय-यूएसबी-वन समज. दोन ओळी! मी लिहिल्या. सुई फिरली, काच घासली गेली, सोमवारी सहा चष्मे तयार! मामी म्हणाल्या, "हुशार आहे हो आमचा भाचा." मी छाती काढून घरी आलो.

मंगळवारी सकाळी नऊला फोन. "अरे ये, ये लवकर! मशीनला वेड लागलंय! सुई ढिम्म बसलीय आणि घासणी न सांगता काच गरागरा फिरवतेय!" गेलो तर चार काचांचं वाटोळं झालेलं. सुईला सांगितलेलं घासणीला ऐकू जातंय! का? तर ही नवी सिस्टीम नंबर कसा देते माहितीये? जो आधी येईल त्याला झीरो, मागून येईल त्याला वन. अरे, हे काय दवाखान्यातलं टोकन आहे का? आज मामांनी घासणीची वायर आधी खुपसली, झाली घासणी झीरो! मशीन तेच, वायर तीच, नाव नवीन!

"पण मामा, वायर काढलीत कशाला?"

तर मामांची रीत अशी, की संध्याकाळी काम आटपलं की खोलीतली प्रत्येक वायर काढायची, तिची गुंडाळी करायची, मशीनवर फडकं टाकायचं आणि मग कुलूप. गल्लीतलं एक दुकान कधीकाळी वायरीमुळे जळालं होतं. मी म्हटलं, मामा, ह्या वायरीनं आग लागत नाही हो, राहू द्या लावलेल्या. मामा काय म्हणाले ऐका. "बत्तीस वर्षांत माझ्या खोलीला आग लागली? नाही ना? का नाही लागली?" आता बोला!

मग म्हटलं, नंबर नको, ओळख पटवू. प्रत्येक वायरच्या पोटात तिचा स्वतःचा क्रमांक असतो. दुभाष्याला सांगू, अमुक क्रमांकाची वायर म्हणजे कॉम-वन, मग ती आधी येवो नाही तर मागून. काय सुंदर कल्पना! बुधवारी पहाटे उठून बसलो, एक वायर तपासली, क्रमांक लिहून घेतला. दुसरी तपासली... तोच क्रमांक! पुन्हा तपासली. तोच! अहो, बनवणाऱ्यानं हजारो वायरींना एकच क्रमांक ठोकून दिलेला! इंटरनेटवर विचारलं, तर तिथला एक दीडशहाणा म्हणतो, "ह्या काळात असली मशीनं वापरताच कशाला?" अरे, तुझ्या तीर्थरूपांनी विचारलं होतं का तुला? मला उत्तर दे ना! नवीन वायरी मागवाव्यात तर येणार सोमवारी. आणि इकडे बुधवार दुपार, अकरा काचा फुकट, चष्मे जेमतेम नऊ.

खोटं कशाला बोलू, मी चिडून बोलून गेलो. म्हटलं, "मामा, सोडा आता! बाईंना सांगा जमत नाही. वय झालं, घरी बसा!"

मामांनी हात पुढे केला, माझ्या नाकावरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा माझ्या नाकावर ठेवला. आठ वर्षांचा होतो मी, फळ्यावरचं दिसत नाही म्हणून मास्तरांचा मार खायचो. ते एकट्या मामांच्या लक्षात आलं, आणि माझा पहिला चष्मा त्यांनी ह्याच मशीनवर घासला. लाज वाटली हो मला, अशी लाज वाटली की वर बघवेना. ही चाळीस पोरंही कुठल्या तरी फळ्यासमोर डोळे बारीक करून बसली असणार.

गुपचूप पुन्हा बसलो. नंबर नाही, क्रमांक नाही, मग राहिलं काय? भोक! कॉम्प्युटरच्या मागचं भोक तर जागचं हलत नाही ना? दुभाष्याला लिहून दिलं: वरच्या भोकात जो कोणी येईल तो कॉम-वन, खालच्या भोकात येईल तो कॉम-टू. कधी या, कसेही या! आता मामांना ते भोक सापडायचं कसं? चिकटपट्ट्या लावल्या, तर झाडता झाडता मामींनी घाण समजून खरवडून काढल्या! शेवटी मामींकडूनच नेलपॉलिश घेतलं. वरच्या भोकाला आणि सुईच्या वायरीला लाल, खालच्या भोकाला आणि घासणीच्या वायरीला गुलाबी.

"लाल तो लाल में," असं पुटपुटत गुरुवारी सकाळी मामांनी वायरी लावल्या. सुई फिरली. घासणी घासायला लागली. दिवसभर, दुसऱ्या दिवशी पुन्हा, एकही काच वाया गेली नाही. शुक्रवारी पाच वाजता चाळीसच्या चाळीस चष्मे डब्यात, आणि मामा बाईंच्या दारात. मी तिकडे रस्त्यात उभा राहून नाक शिंकरत होतो, सर्दीमुळे हो, दुसरं काही नाही.

मला वाटलं, सुटलो. आज सकाळी मामांचा फोन, आवाज असा की एकाहत्तरचा माणूस सतरा वर्षांचा वाटावा! "अरे, बाई जाम खूश! म्हणाल्या, काका, आता दुप्पट काम देते. तेव्हा मी काय केलं, तो माझा दोस्त आहे ना, त्यानं धंदा बंद केला, त्याची दोन्ही मशीनं उचलून आणली. माझ्या मशीनांहूनही जुनी! त्यांचा प्रोग्रॅमपण वेगळा आहे. तू कॉम्प्युटरमधला आहेस म्हणून हिंमत केली बघ."

मी विचारलं, "मामा, मामींकडे अजून कुठले रंग आहेत?"