शामरावकाकांची मोजडी

नाही म्हणजे नाही, शामरावकाका — हात नाही लावणार मी. कृत्रिम पाय बसवायचंच शिकली आहे, मान्य. पण पोरगी झाली, समृद्धी, तेव्हापासून लायसन्स निष्क्रिय आहे, आणि निष्क्रिय लायसन्सवर पायाचा एक स्क्रू जरी फिरवला नं, तर संपलं! कावून म्हणजे? नियमच आहे तसा. सध्या मी नुसती गृहिणी, चहा विचारू शकते. बसा — नाही, थांबा, आधी दारापर्यंत चालून दाखवा. तपासून नाही राहिली हो, पाहून राहिली. पाहायले लायसन्स लागत असतं तर समोरच्या भीमाबाईले कधीच अटक झाली असती.

अगं बाई, एवढे मागे कावून झुकता? उद्या पुतणीच्या लग्नात नाचायचं आहे की आडवं व्हायचं आहे? चढाव चढल्यासारखं वाटते? गुडघा मागे ढकलते? आणि कालपर्यंत बरं होतं — थांबा, पायात काय हे? मोजडी! नवी! अन् रोज घालता ते प्लांटचे जाड टाचेचे बूट — अहो काका, पाय नाही बिघडला, टाच गेली तुमची! पाय बसवला बुटाच्या उंचीवर, मोजडी सपाट, माणूस मागेच जाईन नं! काय? घरी पाना लावून पाहिला? सायकलचा? हनुमानजी! — फिरला नाही? वाचले तुम्ही. मी पण.

द्या ती मोजडी. ही पोरीची अक्षरांची फोमची चटई — यातलं ‘ज्ञ’ कापते, तिची गाडी तसंही ‘क’वरच अडली आहे. टाचेखाली दोन थर, पुढे उतरती धार... याले उपचार नाही म्हणत, शिवणकाम म्हणतात. घाला. चाला. सरळ! अहो, किती सरळ! — कोणाले सांगू नका पण. नाही, नियमाचं काही नाही, लायसन्स तर मागच्याच महिन्यात सुरू झालं — म्हणजे — हसू नका काका! दोन वर्षं लंगोट बदलले या हातांनी, वाटलं, काम विसरले असतील. उद्या तुम्ही बँडसमोर पडले असते, तर सारं जामुल गाव म्हणालं असतं, प्रांजलीनं पाडलं. — आता इथं कावून नाचता? खाली लोक राहतात! — तुमच्या दोस्ताचा, चंपतचा, कमरेचा पट्टा? टोचते? ...पाठवा सोमवारी. जा तुम्ही आता, वरात चुकेल. उद्या आहे, माहीत आहे मले. तरी जा.