अल्टरनेटरची शिट्टी

नागपूरच्या मनीषनगरातल्या कार ऑडिओच्या दुकानात मी माझ्या गाडीसाठी थांबलो होतो. समोरच्या गाडीत उमरेडहून आलेले रुपराव स्टिअरिंगवर, शेजारी बायको प्रेमिला, आणि दाराशी मेकॅनिक ओमप्रकाश.

“काका, गाणं बंद केलं. आता रेस द्या. स्पीकरमधली शिट्टी ऐकली?”

“कोणती शिट्टी गा? मले काहीच ऐकू नाही येत.”

“महिनाभरापासून सांगून राहिली मी. हे म्हणतात, तुले भास होते.”

“भास नाही, काकू. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरचा आवाज आहे. अर्थिंगची वायर ढिली झाली... हे घ्या, कसली. आता?”

“गेली! एकदम गेली.”

“मले तर काही फरक नाही वाटला.”

“थांबा काका, वायर पुन्हा काढतो. आता वाजून राहिली. येते ऐकू?”

“नाही.”

“आता तर आवाज पूर्ण वाढवला.”

“नाही गा.”

ओमप्रकाशने वायर परत कसली आणि इंजिन बंद करायला सांगितलं.

“प्रेमिला, मले वाटे, तूच हळू बोलून राहिली.”

“मी तर ओरडूनच बोलते, अहो. शेजारीण विचारते, तुमचं रोज भांडण काहून होते?”

“चाल वं मंग. नागपुरात आलोच आहो, तर आजच कान दाखवून घेऊ.”