कुठंवर आलास?

मंडळी, ऐका. आजचं आख्यान पुराणातलं नाही. आपल्या गारगोटीकडच्या मुलखातलं आहे. ज्या घरात हे घडलं, त्या घरानंच मला सांगितलं – बुवा, नावानिशी सांगा, लाज धरू नका. म्हणून सांगतोय.

पण आधी एक प्रश्न. एका पोराच्या हातून गाडी चालवताना चूक झाली. गाडी त्याच्या ताब्यात, हात त्याचे, पाय त्याचे. मग चूक एकट्या त्याचीच का? तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय, चालवत होता तो. थांबा. इतक्या लवकर निकाल देऊ नका.

चाफेवाडीत शामराव पोवार म्हणून एक गृहस्थ राहतात. सगळे त्यांना तात्या म्हणतात. एकतीस वर्षं एसटीवर ड्रायव्हर होते. मी हायस्कूलला त्यांच्याच गाडीनं जायचो. आमच्या फाट्यावर एक जांभळीचं झाड होतं. त्याखाली आम्ही दप्तरं टाकून बसायचो. गाडी किती वाजता येणार हे कुणी कुणाला विचारत नसे. विचारून सांगणार कोण? खिंडीत घुर्रर्र असा आवाज आला की म्हातारी माणसं पिशवी उचलायची आणि म्हणायची, "आला शामू." मग लाल धुरळा दिसायचा, मग गाडी. कंडक्टरनं दोरी ओढली की टिंग टिंग, की निघाली. मागं बसलेल्या आजोबांना आठवत असेल, मान हलवतायत बघा.

तात्यांची शिस्त मोठी कडक. गाडी चालू असताना ते कुणाशी बोलत नसत. सरपंच असो, मास्तर असो. त्यांचं लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट सांगतो. बायको हौसाक्का, माहेराला निघालेली, नवऱ्याच्याच गाडीतून. पुढच्या बाकावर बसली, नवी साडी, हातात पाण्याचा तांब्या. घाट सुरू झाला. हळूच म्हणाली, "अहो, पाणी देऊ का?" उत्तर नाही. परत म्हणाली, "अहो." तात्यांची नजर समोर. सगळी गाडी बघतेय, आणि नवरी बिचारी लाजून लालेलाल. घाट उतरला, थांबा आला, गाडी उभी राहिली, ब्रेक ओढला. मग तात्या वळले आणि म्हणाले, "आता दे." अख्खी गाडी हसली. हौसाक्का मात्र माहेरी पोचेपर्यंत बोलली नाही. बरोबरच आहे!

आणि ही हौसाक्का एकतीस वर्षं वाट बघत जगली, मंडळी. गाडी मुक्कामी असायची, कधी बंद पडायची, कधी ओढ्याला पाणी यायचं. निरोप नाही, चिठ्ठी नाही. ती चुलीवर तवा ठेवायची, उतरवायची, पुन्हा ठेवायची. शेजारणीनं विचारलं, "काळजी वाटत न्हाई व्हय?" तर म्हणायची, "वाटती की. पर ती माझ्यापाशीच ऱ्हाती." घरोघरी हेच होतं. माणूस उंबऱ्याबाहेर गेला की तो रस्त्याच्या आणि देवाच्या हवाली. आला की आला.

आता फोन आले. चांगलं झालं, मी नावं ठेवत नाही. पण मला परवा कीर्तन चालू असताना घरून फोन आला, मृदंग वाजतोय आणि कमरेला हे थरथरतंय. विचारतात काय, तर "अजून किती वेळ?" म्हटलं, देव भेटला की निघतोच.

हसलात. बरं झालं. आता पुढचं ऐका.

तात्यांचा नातू अवधूत. एकवीस वर्षांचा. आजोबांचं बघून त्यालाही गाडीचं वेड. दुधाच्या कॅनची पिकअप चालवायचा. सकाळी गावोगावचं दूध गोळा करायचं, शीतकरण केंद्रावर घालायचं, दुपारी रिकामे कॅन घेऊन परत. हात चांगला होता पोराचा. पण एक खोड. समोर काचेजवळ फोन लावलेला. गाणं बदल, मेसेज बघ, कुणाचा व्हिडिओ आला तो बघ. हौसाक्का एकदा त्याच्या शेजारी बसून बाजाराला गेली आणि घरी येऊन म्हणाली, "अवधूत, तुझं डोळं रस्त्यावर कमी अन् त्या पाटीवर जास्त." तो म्हणाला, "आजी, मला सवय हाय. काय होत न्हाई." मंडळी, तुमच्या घरातला आवाज आला का यात?

आणि तात्या? ते रिटायर झालेले. ओट्यावर बसायचे. नातू आल्याशिवाय जेवायचे नाहीत. आणि त्यांनाही मुलानं फोन घेऊन दिलेला. मग काय, "अवधूत, कुठंवर आलास?" अर्ध्या तासानं परत, "कुठंवर आलास?" प्रेमच होतं हो ते. दुसरं काही नव्हतं.

त्या दिवशी दुपारी असाच तिसरा फोन लावला. अवधूतनं उचलला, उजव्या हातानं कानाला धरला. "तात्या, आलोच, खिंड उतारतोय."

आता ड्रायव्हरचा कान म्हणजे काय असतो बघा. तात्यांना फोनमधून इंजिनचा आवाज आला. एकतीस वर्षं स्टिअरिंगवर घालवलेला माणूस! त्यांनी ओळखलं, उताराला गाडी वरच्या गिअरमध्ये पळतेय. गंमतही वाटली, आपल्या कानाचा अभिमानही वाटला, आणि पटकन म्हणाले, "अरं, उतार हाय. गिअर खाली टाक."

पोरगं आजोबांचं ऐकणारं. हसला आणि डावा हात गिअरवर नेला.

मंडळी, उजवा हात कुठं होता? कानाशी. डावा गिअरवर. मग स्टिअरिंगवर कोण?

कुणी नाही. कोपरानं दाबून धरलं होतं. आणि पुढं वळण होतं.

वळणावर डाव्या कडेनं गोविंद सुतार सायकलवरून चालला होता. पन्नाशीचा माणूस. चौकटी, दरवाजे करायचा, त्यावर नक्षी कोरायचा. मागच्या कॅरियरवर हत्यारांची पिशवी. बिचारा त्याच्या बाजूनं नीट चालला होता.

तात्यांनी सगळं ऐकलं. आधी ब्रेक. मग पत्रा घासल्यासारखा आवाज. मग कॅन एकमेकांवर आदळले. मग फोन कुठंतरी पडला, आणि नुसतं इंजिन चालू राहिलं. आणि त्यामागं नातवाचा आवाज, "काका, अवो काका, बोला की." तात्या ओट्यावर उभे राहिले, फोन कानाला. हौसाक्का आतून आली, "काय झालं?" त्यांनी फोन तिच्या कानाला लावला.

अवधूत पळून गेला नाही, एवढं त्याच्या पदरात घाला. शेतातली माणसं धावली, त्यांच्या मदतीनं गोविंदला त्याच पिकअपमध्ये घातलं, दवाखान्यात नेलं आणि मग स्वतः पोलीस चौकीत जाऊन सांगितलं – मी फोनवर बोलत होतो. गोविंद वाचला. पण उजवा हात दोन ठिकाणी मोडला. सुताराचा उजवा हात.

घरी तात्यांनी भिंतीवरचा बिल्ला उतरवला. विनाअपघात सेवेबद्दल मिळाला होता. फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवला. हौसाक्का बघत होती. ती कधी टाकून बोलणारी बाई नाही, पण त्या दिवशी बोलली. "एकतीस वरीस मी वाट बघितली. तुमच्या कानाशी येऊन कधी बसले न्हाई. तुम्हाला अर्धा तास निघंना व्हय?"

तिसऱ्या दिवशी तात्या दवाखान्यात गेले. अवधूत बरोबर होता, खाली मान घालून. तात्या खाटेजवळ उभे राहिले. "सुतारदादा, गाडी ह्यो चालवत होता. पर फोन मी लावला हुता. गिअर टाक म्हणून मीच सांगितलं. निम्मा अपघात माझा हाय."

अवधूत म्हणाला, "तात्या, फोन मी उचलला. न्हाई उचलला असता तर..."

"तुझं तुझ्यापाशी हायच," तात्या म्हणाले. "मी माझं सांगतोय."

तुम्हाला वाटेल गोविंद म्हणाला असेल, जाऊ द्या, माफ केलं. नाही म्हणाला. का म्हणावं त्यानं? छताकडं बघत एवढंच बोलला, "माझ्या हातात पुन्हा रंधा धरता यील का, त्येवढं सांगा." तात्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "मग जावा आता," म्हणाला.

पुढं कोर्टात केस उभी राहिली. अवधूतनं गुन्हा कबूल केला, शिक्षा घेतली, लायसन काही महिन्यांसाठी गेलं. आणि एका सकाळी तो गोविंदच्या दारात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "काका, मला काम येत न्हाई. तुम्ही सांगाल तसं करतो." गोविंदनं दोन दिवस त्याला दाराबाहेरच उभं ठेवलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ती फळी आडवी घे." आठ महिने, मंडळी. गोविंद बाकड्यावर बसून सांगायचा आणि अवधूत रंधा मारायचा. फोन घरी ठेवून यायचा. पहिल्या महिन्यात तळहात सोलून निघाले. गोविंद एकदा म्हणाला, "नजर फळीवर ठेव. हिकडं तिकडं बघितलंस तर बोट जाईल." पोरानं रंधा बाजूला ठेवला आणि तो तिथंच बसून रडला.

हात जुळला. गोविंद आता करवत धरतो, खिळा मारतो. पण नक्षी गेली. बोटांत ती ताकद परत आली नाही. वर्षभरानं तात्या त्याच्या दारावरून चालले होते, तेव्हा गोविंदनं आतून हाक दिली, "तात्या, च्या घेऊन जावा." माफीचा शब्द त्यानं आजवर काढला नाही. तात्या म्हणतात, तेवढा चहा मला पुष्कळ आहे.

अवधूतची गाडी आता पुन्हा सुरू आहे. तात्या ओट्यावर बसतात, दुपार उलटते, भूक लागते, फोन शेजारी असतो. लावत नाहीत. मी विचारलं, "मग काय करता?" म्हणाले, "बुवा, जे हिनं केलं ते शिकतोय. म्हातारपणी लई जड जातंय."

मंडळी, आता माझ्याकडं बघू नका, स्वतःकडं बघा. त्या मागं मोटारसायकलींना टेकून उभ्या असलेल्या पोरांनो, फोन आईचा असो, मित्राचा असो, आणखी कुणाचा असो – आधी गाडी कडेला घ्या, पाय जमिनीवर टेकवा, मग उचला. तो गोविंद कुणाच्याही वळणावर असू शकतो. आणि पुढं बसलेल्या आयाबहिणींनो, आजोबांनो, तुमची काळजी मला खोटी वाटत नाही. पण ती चालत्या गाडीत, त्या पोराच्या कानात ओतू नका.

मग ती काळजी ठेवायची कुठं? त्यासाठीच तर हे देऊळ आहे. आत्ता या घटकेला आपल्या प्रत्येकाचं कुणी ना कुणी रस्त्यावर असेल. त्याला फोन लावू नका. तो गाडी उभी करून, चावी काढून, खाली उतरेपर्यंत इथं नाव घेत बसा. उचला हात. आजची टाळी त्यांच्यासाठी, जे अजून घरी पोचायचे आहेत.