मुहूर्ताचं यंत्र आणि मौलिकचं बोट

...आणि विश्वास ठेवला नाही हो कुणी, एकानंसुद्धा नाही, तुम्हाला सांगते, भर मीटिंगमध्ये चहाचे कप ठेवता ठेवता मी म्हटलं होतं की उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, ते कॉम्प्युटरचं सुरू करू नका, पण मासीचं कोण ऐकतं?

नडियादला आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात अपघात विभागाच्या दारात माझं स्टूल आहे, सगळे मला मासी म्हणतात, म्हणजे मावशी. आलेल्या माणसाकडे एकदा बघायचं आणि सांगायचं, तू आत जा, तू बस, तू नुसता घाबरलायस, पाणी पी. आता म्हणे हे सगळं कॉम्प्युटर करणार, तोच नंबर देणार, नंबर भिंतीवर उमटणार आणि मासीनं खाली चादरींच्या खोलीत जायचं. तिथं बारा महिने ओल, बोलायला माणूस नाही... चादरींशी काय भांडू मी?

तर मीटिंग. बंगळूरहून वेणुगोपाल साहेब आलेले, सज्जन माणूस, कुठलं काम कधी त्याचा एवढा मोठा तक्ता भिंतीवर लावलेला. म्हणाले, "डिसेंबर संपायच्या आत सुरू करू." आमचे रमणिकलाल शेठ, ट्रस्टचे प्रमुख, त्यांनी बशी खाली ठेवली. "साहेब, तेव्हा कमुरता चालू असेल, अशुभ महिना. कमुरतात आम्ही सून घरात आणत नाही, यंत्र कसं आणू? उत्तरायणाला कमुरता उठतो. पहिला चोख दिवस तोच धरा." साहेबांनी कॅलेंडर बघितलं आणि चेहरा फुलला त्यांचा. "त्या दिवशी सुट्टी आहे. म्हणजे गर्दीच नाही."

आता बंगळूरच्या माणसाला काय ठाऊक, त्याला मी माफ केलं. पण शेठ? नडियादच्या गच्च्यांवर गुडघे फोडून मोठे झालेले शेठ? अहो, त्या दिवशी उंधियू खाऊन अर्धं गाव पतंग उडवायला गच्चीवर चढतं आणि उतरतं ते आमच्या दारात, कुणाचा पाय मोडलेला, कुणाचा गळा चिरलेला. मी म्हटलं, "शेठ, त्या दिवशी तुमचं यंत्र बंद पडेल." शेठ म्हणाले, "मासी, चहात साखर कमी आहे."

मासीचं कोण ऐकतं?

उजाडलं उत्तरायण. यंत्राला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला. ते उघडायचं कसं, तर एका काचेवर बोट ठेवायचं, आणि बोट कुणाचं, तर फक्त मौलिकचं. मौलिक म्हणजे शेठचा भाचा. बाकीच्यांची बोटं नोंदवायची राहिलेली, तक्त्यात ती पुढच्या आठवड्यात होती. सकाळी छान चाललं, खोटं कशाला बोलू, मनात म्हटलं गेलं माझं स्टूल. मग मौलिक म्हणतो, "मासी, शेजारच्या गच्चीवर एकच पेच लावून आलो." तो गेला, आणि थोडा वेळ कुणाचा हात लागला नाही तसं यंत्र डोळे मिटून बसलं.

मौलिक आला तो पेशंट होऊन. मांजानं तेच बोट चिरलेलं, अंगठ्याजवळचं.

आता पुढचं ऐका. टाके घालायचे तर नंबर पाहिजे, नंबराशिवाय दोरासुद्धा द्यायचा नाही असा शेठचा हुकूम, जुने केसपेपर माळ्यावर टाकलेले. नंबर काढायचा तर यंत्र उघडायला पाहिजे. यंत्र उघडायचं तर बोट पाहिजे, आणि बोट दाखवायचं तर आधी टाके पाहिजेत. पोरगं रक्ताळलेलं बोट काचेवर घासतंय आणि यंत्राला सांगतंय, "अरे बाबा, मीच आहे." यंत्र म्हणतं, ओळखत नाही. बंगळूरला फोन लावला, साहेब शांतपणे म्हणाले, "दुसरं बोट लावून बघा." दुसरं नोंदवायचं तेही पुढच्या आठवड्यात होतं.

तेवढ्यात एक रिक्षावाला आला, गळ्याला रुमाल दाबून धरलेला, रुमालाचा रंग मी सांगत नाही. म्हणतो, "मासी, माझा नंबर कितवा?" मी त्याचा दंड धरला, सरळ आत नेला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं, "ह्याचा नंबर मी आहे. दोरा काढा." वाचला तो. मग दिवे लागेपर्यंत दारात मीच... तू आत, तू बस, तू पाणी पी. मौलिकला सगळ्यात शेवटी घेतलं. बसू दे जरा.

मला वाटलं, आता तरी ऐकतील.

दुसऱ्या दिवशी मीटिंग, चूक कुणाची ते ठरवायला. मुहूर्ताची नाही, मुहूर्त चोख होता. साहेबांची नाही, त्यांच्या तक्त्यात सगळं होतं. मौलिकची कशी असेल, बिचाऱ्याच्या हाताला पट्टी. मग शेठ हळूच म्हणाले, "पण यंत्र बंद पडणार असं आधी बोललं कोण?"

बघा, तेव्हा विश्वास बसला. सगळ्यांचा एकदम बसला. काळी जीभ म्हणाले. आता अखात्रीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुन्हा मुहूर्त आहे, तयारी सगळी तीच, फक्त त्या दिवशी मासीनं तोंड मिटून चादरींच्या खोलीत बसायचं. शेठ म्हणाले, "चूक हिची, लिहून घ्या नाव." कारकुनानं पेन उचललं आणि थांबला. मासीचं नाव काय? इतकी वर्षं दारात उभी आहे मी, एकालाही ठाऊक नाही. मग मीच चहाचे कप गोळा करता करता सांगितलं, लिही बाबा, नीट लिही... कंकुबेन शनाभाई परमार.